थेंबभर रक्त, सेकंदभर उसंत

गेल्या भागात आपण कर्करोगावरच्या कार-टी उपचाराची गोष्ट पाहिली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार त्यामुळे काही लाखांत आला. पेशंटच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकांत बदल करायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या, ही त्यामागची कल्पना. आज तीच कल्पना एका वेगळ्या आजाराच्या बाबतीत पाहायची आहे. हा आजार आपल्या जिल्ह्याच्या फार जवळचा आहे. त्याचं नाव सिकल सेल.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर हा एक-तृतीयांशाहून जास्त आदिवासी लोकसंख्येचा जिल्हा. वसई रोड किंवा नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या माणसाला ते जाणवत नाही. महामार्ग ओलांडून पारोळ, मेढे, सकवारच्या बाजूला गेलं की वारली, कातकरी आणि मल्हार कोळी पाडे सुरू होतात. शिवाय दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सिकल सेल आदिवासी समाजांत जास्त आढळतो. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत पालघर आहे, ते या लोकांसाठी.

आजार दिसतो कसा? सहा महिन्यांचं, वर्षाचं मूल अचानक रडायला लागतं आणि त्याच्या हातापायांची बोटं सुजतात. घरात म्हणतात, थंडी बाधली. पुढे वरचेवर ताप येतो, डोळे पिवळसर दिसतात, हाडं ठणकतात. दवाखान्यात वेदनेचं इंजेक्शन मिळतं, "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. लोह कमी पडलेलंच नसेल, तर त्या गोळ्यांचा काय उपयोग? इथे तांबड्या पेशी मुळात लवकर फुटताहेत. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल पेशी दहा-वीस दिवसांत संपते.

याचं मूळ डीएनएच्या एका अक्षरात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार आहे असं सांगितलं. बदल नेमका कुठे, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवलं. एखाद्या आजाराचा ठपका इतक्या नेमकेपणाने एका रेणूवर पहिल्यांदा ठेवला गेला तो इथेच.

आता पदार्थविज्ञानाच्या भागाकडे वळू, कारण माझ्या मते हा आजार समजण्याची किल्ली तिथे आहे. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू या व्हॅलिनमुळे एकमेकांना चिकटू लागतात आणि त्यांचा लांबच लांब धागा तयार होतो. चौदा सरांचा पीळ पडलेला हा धागा काथ्याच्या दोरासारखा असतो, जाडी मात्र मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी. असे धागे आतून रेटू लागले की मऊ, लवचीक पेशी ताठरते, वाकडी होते आणि बारीक वाहिनीत अडकते. पुढचं रक्त थांबतं. त्या अडकण्यातूनच ती जीवघेणी कळ येते.

पण धागा लगेच तयार होत नाही. सुरुवातीला काही क्षण काहीच घडत नाही, मग एकदम सगळं गोठतं. अमेरिकेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफरिक्टर यांनी १९७४ च्या सुमारास हा मधला अवधी मोजला, तेव्हा चकित करणारी गोष्ट पुढे आली. हा अवधी पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो आणि तोही कल्पनेपलीकडच्या प्रमाणात, साधारण तिसाव्या घाताने. म्हणजे दाटपणा दहा टक्क्यांनी वाढला, तर अवधी दहा टक्क्यांनी घटत नाही, तो सतराव्या हिश्शावर येतो. पाच टक्क्यांनी वाढला तरी चौथ्या हिश्शाच्याही खाली. बारीक वाहिनीतून पार व्हायला पेशीला एखाद-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात धागा झाला नाही, तर ती फुप्फुसात पोहोचते, ऑक्सिजन घेते आणि पुन्हा मोकळी होते. झाला, तर अडकते.

फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भट्टीवर चिखल तुडवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे गणित लावून पाहा. घाम जातो, पाणी लांबून आणावं लागतं, म्हणून कमी प्यायलं जातं. रक्तातलं पाणी घटलं की पेशीतलंही घटतं आणि दाटपणा वाढतो. "भरपूर पाणी प्या" हा डॉक्टरांचा सल्ला कानाला गुळमुळीत वाटतो, पण सिकल सेलच्या पेशंटच्या बाबतीत त्यामागे तिसाव्या घाताचं गणित उभं आहे. भट्टीच्या मालकाने कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याची टाकी ठेवणं हा इथे औषधोपचाराचाच भाग आहे, असं मी अगदी शब्दशः म्हणतो.

दुसरा धागादोरा सापडला तो न्यूयॉर्कमध्ये. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या लक्षात आलं की, आजार असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फार कमी असतात. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. हे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन धाग्यात शिरत नाही. ते जितकं जास्त, तितका सिकल हिमोग्लोबिनचा दाटपणा कमी आणि धागा होण्याचा अवधी लांब. भारतात आढळणाऱ्या सिकल जनुकासोबत हे हिमोग्लोबिन बऱ्याचदा मोठेपणीही जास्त राहतं. त्यावरून "आपल्याकडचा आजार सौम्य" असा समज पसरला. नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिलेली मुलं त्याला दुजोरा देत नाहीत. तिथे आजाराचं तीव्र रूप पुरेसं आढळलं आहे.

जनुक-संपादनाने नेमका हाच दुवा पकडला. बीसीएल११ए नावाचं जनुक गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद ठेवतं, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. कॅसजेवी या उपचारात पेशंटच्या मूळ पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या कात्रीने रक्तपेशींपुरता तो बंदोबस्त तोडतात आणि पेशी परत देतात. बंद झालेलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी त्याला मान्यता दिली. अमेरिकी औषध प्रशासनाने तपासलेल्या ३१ पेशंटपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही. वर्षातून अनेकदा रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसाला याची किंमत विचारून पाहावी.

पैशातली किंमत मात्र २२ लाख डॉलर आहे. सुधारलेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी जोरदार केमोथेरपी द्यावी लागते. तिच्यामुळे पुढे मूल होण्याची क्षमता धोक्यात येऊ शकते. कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं, आणि हे काम करू शकणारी रुग्णालयं मोजकीच. मोखाड्याच्या कुटुंबाने एवढे आठवडे मजुरीवर पाणी सोडायचं कसं, हा प्रश्न औषध फुकट मिळालं तरी उरतोच.

म्हणून भारतात चाललेलं काम महत्त्वाचं. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जीवाणूतली कात्री घेतली आणि तिच्यात सुधारणा केली. नको त्या जागी कापण्याची शक्यता तिच्यात कमी, हा तिचा मोठा गुण. करोनाच्या काळात याच गटाने फेलूदा नावाची करोनाची चाचणी तयार केली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या सिकल सेल उपचाराची घोषणा झाली. बिरसा मुंडांच्या दीडशेव्या जयंतीचं ते वर्ष, म्हणून नाव बिरसा १०१. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं आहे. सगळ्या चाचण्या पार पडल्याशिवाय ते कुणापर्यंत पोहोचणार नाही, पोहोचूही नये. सिकल सेलवरच २०१९ मध्ये मान्यता मिळालेलं व्होक्सेलोटर हे औषध सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतलं. नव्या उपचाराच्या बातम्या वाचताना हे ध्यानात असलेलं बरं.

तोवर काय? तोवर हायड्रॉक्सियुरिया आहे, आणि या भागात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. मुळात हे कर्करोगावरचं जुनं औषध. सिकल सेलमध्ये ते काय करतं? गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं. बावीस लाख डॉलरच्या कात्रीचं लक्ष्यही तेच. कात्रीइतकं ते पूर्ण काम करत नाही आणि गोळी रोज घ्यावी लागते. पण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मोठ्या माणसांमधले वेदनेचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना रोज किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे कमी मात्रा देऊन पाहिली. त्यातही झटके आणि रुग्णालयाच्या फेऱ्या घटल्या. कमी मात्रेचा फायदा असा की, रक्ताची वारंवार तपासणी जिथे अवघड, तिथेही डॉक्टरांना औषध देण्याचा धीर होतो. तपासणी लागतेच, गरोदरपणात हे औषध टाळतात आणि स्वतःच्या मनाने ते कुणी घेऊ नये. पण ते आजच उपलब्ध आहे आणि परवडणारं आहे. कात्री येईल या आशेवर गोळी मागे पडली, तर मुलांची हाडं आणि प्लीहा तेवढं थांबणार नाहीत.

अर्थात गोळी कुणाला द्यायची हे कळायला आधी तपासणी हवी. शिबिरात होणारी सगळ्यात साधी चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. छोट्या नळीत द्रावण असतं. त्यातला सॅपोनिन पेशी फोडतो, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त त्यात सोडतात आणि नळी हलवून काही मिनिटं उभी ठेवतात. मग काळ्या रेघा काढलेला कागद नळीमागे धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा हरवल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पेशीत एरवी घडणारं रेणूंचं चिकटणं इथे नळीत उघड्या डोळ्यांना दिसतं.

मात्र आईवडिलांपैकी एकाकडूनच जनुक मिळालेला वाहक आणि दोघांकडून मिळालेला पेशंट, या दोघांच्याही नळ्या गढूळ होतात. कोण कोणता, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी ठरतं. सहा महिन्यांखालच्या बाळात ही चाचणी फसते, कारण गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन आजार झाकून टाकतं. जे हिमोग्लोबिन बाळाला वाचवतं, तेच निदान लांबवतं. इथे नव्या पट्ट्या कामाला येतात. करोनाच्या घरगुती चाचणीसारख्या या पट्टीवर प्रतिपिंडं बसवलेली असतात. ती साधं आणि सिकल हिमोग्लोबिन वेगवेगळं ओळखतात, तेही दहा-पंधरा मिनिटांत आणि नवजात बाळातसुद्धा. बाळंतपण झालं त्याच दवाखान्यात निदान झालं, तर पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस वेळेवर देता येते. जंतुसंसर्गाने दगावणारी मुलं त्यामुळे वाचतात.

राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट. जुलै २०२५ पर्यंत सहा कोटींवर तपासण्या झाल्या, त्यांत दोन लाखांहून जास्त पेशंट आणि सुमारे सतरा लाख वाहक सापडले. वाहक आजारी नसतो, हे गावोगाव ठणकावून सांगायला हवं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. गर्भावस्थेतलं निदान मुंबईत केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतं. लग्नाआधी दोघांनी तपासणीचं कार्ड पाहावं हे योग्यच. पण ते फक्त मुलीकडे मागितलं जात असेल, तर त्या कार्डाचा उपयोग तिला नाकारण्यासाठी होतो. आणि हा आजार फक्त आदिवासींचा, हेही खरं नाही. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपूरच्या बिगर-आदिवासी वस्तीत तो नोंदवला होता.

शेवटी पुन्हा वसईच्या भट्टीकडे. मोखाड्यात निदान झालेलं, गोळी सुरू असलेलं मूल दिवाळीनंतर आईबापाबरोबर इथे येतं. तिकडची आशाताई महिन्याच्या गोळ्या देते, त्या संपतात आणि इकडे त्या मुलाचं नाव कुणाच्याच यादीत नसतं. मे महिन्यात उन्हाचा चटका सर्वांत जास्त, तेव्हा गोळी बंद आणि पाणी तुटपुंजं. यासाठी नवा शोध लागायला नको. मुलाचं कार्ड वसई तालुक्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात चालावं, गोळ्या तिथे शिल्लक असाव्यात आणि हंगाम सुरू होताना आरोग्यसेविकेने भट्ट्यांवर एक फेरी मारावी. आपल्या गावाजवळ भट्टी असेल, तर केंद्रातल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: हायड्रॉक्सियुरिया तुमच्याकडे आहे का, आणि बाहेरून आलेल्या मुलाला ते मिळतं का?

पुढच्या भागात: वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधला हिमोफिलियावरचा जनुकीय उपचार.