दोन व्हीसीआरची संकलनशाळा

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर असून, शुक्रवारी माग बंद राहिले की सिनेमा पाहणे ही तेथील कामगारांची जुनी रीत आहे. कॅसेटच्या काळात ही हौस चित्रपटगृहांबरोबरच व्हिडिओ पार्लरांनीही, म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि तिकीट एवढ्यावर चालणाऱ्या छोट्या खेळघरांनीही, भागवली. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती होऊन कॅसेटवर हक्कधारकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक झाले, तरी गावोगावी चोरट्या प्रती फिरतच राहिल्या.

या प्रसाराचे मूळ यंत्राच्या रचनेत होते. जपानच्या जेव्हीसी कंपनीने 1976 मध्ये आणलेल्या व्हीएचएस पद्धतीत 12.7 मिलिमीटर रुंदीच्या चुंबकीय फितीवर फिरत्या ड्रमवरील हेड तिरप्या रेषांत चित्र उमटवतात. एक व्हीसीआर लावून दुसऱ्यावर मुद्रण केले की प्रत तयार होत असे. मात्र रंगांचा संकेत मुळातच आक्रसून नोंदवलेला असल्याने प्रतीच्या प्रतीत रंग फाकत, चेहरे पुसट होत आणि पडद्यावर मुंग्या येत.

हीच जोडणी मालेगावात संकलनाची शाळा ठरली. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख दोन व्हीसीआर जोडून परदेशी चित्रपटांतील दृश्ये आपल्या प्रेक्षकांसाठी कापत व जुळवत. असे संकलन क्रमानेच करावे लागते, कारण मधले एक दृश्य लांबवायचे झाल्यास त्यापुढचे सारे पुन्हा मुद्रित करावे लागते. शिवाय थांबलेल्या फितीला वेग धरण्यास क्षणभर लागत असल्याने कळ नेमकी केव्हा दाबायची, हे हाताला कळावे लागते. चित्रपटाची लय पारखण्याची ही शिस्त शेख यांच्या ‘मालेगाव के शोले’ या ‘शोले’च्या विडंबनपटाच्या निर्मितीत कामी आली. शेख आणि त्यांच्या साथीदारांनी पुढे ट्रॉलीऐवजी सायकल आणि क्रेनऐवजी बैलगाडी कशी वापरली, हे फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात दिसते. याच मंडळींच्या कहाणीवरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट 2025 मध्ये प्रदर्शित झाला.

या वारशाचे जतन मात्र कठीण आहे. दमट हवेत फितीवर बुरशी चढते, चुंबकीय थर धरून ठेवणारा लेप कालांतराने खराब होतो आणि हेड झिजले की सुटे भाग मिळत नाहीत; जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै 2016 मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. त्याहून बिकट प्रश्न हक्कांचा आहे. मूळ चित्रपट अन्यत्र मिळू शकतो, पण पार्लरसाठी कापून जुळवलेले रूप केवळ त्या कॅसेटवरच असते, आणि ते सार्वजनिक संग्रहातून दाखवायचे तर ज्याच्या चित्रपटातून दृश्ये उचलली त्याची परवानगी लागते. चोरीने निर्मात्याचे नुकसान झाले हे मान्य करूनही, अभ्यासासाठी अशा कॅसेटींचे डिजिटल रूपांतर करण्याची वाट कायद्याच्या चौकटीत शोधली पाहिजे. कारण चित्रपटशाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी संकलन कसे आत्मसात केले, याचा थेट पुरावा याच फितींत आहे.