डोलणं कमी, म्हणून तोल चांगला?

शांत उभा असलेला माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो. शरीराचा गुरुत्वमध्य घोट्याच्या किंचित पुढे येतो, त्यामुळे देह सतत पुढे कलू पाहतो आणि पोटरीचे स्नायू, त्यातही आतल्या थरातला सोलियस, त्याला मागे ओढून धरतात. ही ओढाताण दोन प्रकारे मोजता येते. पायाखालची फोर्स प्लेट दाबाचा केंद्रबिंदू कसा सरकतो ते टिपते, तर पोटरीच्या कातडीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड स्नायूंमधले सूक्ष्म विद्युतसंकेत, म्हणजे ईएमजी, नोंदवतात. अनेक तपासण्यांत पहिल्या मोजणीवरच काम भागवलं जातं आणि कमी डोलणारा तो सुरक्षित असं धरलं जातं. हे गृहीतक चुकीचं आहे.

पोटरी ताठ स्प्रिंगसारखी शरीर पेलते, असं पूर्वी मानत. ब्रिटनमधल्या लोरम आणि लेकी यांनी २००२ मध्ये घोट्याचा ताठपणा थेट मोजला, तेव्हा तो एकट्याने तोल राखायला पुरत नाही असं आढळलं. पुढे २००४ मध्ये अल्ट्रासाउंडने दिसलं की शरीर पुढे झुकतं तेव्हा पोटरीचे तंतू ताणले जाण्याऐवजी बहुधा आखडतात. लांबते ती टाचेवरची कंडरा. म्हणजे मेंदू वरचेवर छोटे छोटे हिसके देऊन देह सावरत असतो. तळहातावर उभी काठी तोलताना हात हलता ठेवावा लागतो, तसंच हे. उलट, भीतीने माणूस स्वतःला ताठ करतो. उंच फळीच्या कडेशी उभं केलं की निरोगी माणसाचंही डोलणं आटोपतं, पण त्याची लय जलद होते. पडण्याच्या धास्तीने पोटरी आणि नडगीपुढचा स्नायू एकाच वेळी आवळणारी वृद्ध व्यक्तीही प्लेटवर छान स्थिर दिसू शकते.

हे आवळणं उघड करणाऱ्या ईएमजीवर आक्षेप आहे, आणि तो रास्तही आहे: कातडीखालची चरबी, इलेक्ट्रोडची जागा यांनी आकडा बदलतो. म्हणून दोन माणसांचे आकडे थेट न ताडता प्रत्येकाचा संकेत त्याच्याच कमाल जोराशी तोलावा लागतो. हे जमण्यासारखं आहे. दुसरा आक्षेप असा, की प्रयोगशाळेतली सपाट फळी म्हणजे कृष्णाकाठच्या उसातला निसरडा बांध नव्हे. खरंच नव्हे. पण म्हणूनच नुसत्या डोलण्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही. बांधावर पाय सरकतो तेव्हा आवळून धरलेली पोटरी सावरायला उशीर करू शकते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. त्या तालमींच्या मुलखात ताठ उभ्या पैलवानाला पाडणं सोपं, हे वेगळं सांगायला नको.

राहिला खर्चाचा प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्राला फोर्स प्लेट परवडणार नाही, पण पाय जुळवून, डोळे मिटून उभं करण्याची एकोणिसाव्या शतकातली रॉम्बर्ग चाचणी फुकट आहे. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेली माणसं तिच्यात अनेकदा लक्षात येतात. त्यांना पुढे पाठवावं. कराड, सांगलीतल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांनी अशा रुग्णांचं डोलणं आणि पोटरी, दोन्ही एकाच वेळी मोजावीत आणि अनवाणी राबणाऱ्या इथल्या शेतकऱ्यांचे आकडे तयार करावेत.