बेटाएवढंच पुस्तक

भारद्वाज आपल्या ओळखीचा. काळं अंग, विटकरी पंख, गुंजेसारखे लाल डोळे आणि काळी, दणकट चोच. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडच्या ओल्या रानात, सिंहराजात किंवा कितुलगळला, बांबूच्या गचपणातून असाच एक पक्षी क्षणभर बाहेर येतो आणि पुन्हा आत शिरतो. जवळपास सगळं तेच, फक्त चोच फिकट, हस्तिदंतावर हिरवट झाक असलेली. हा हिरव्या चोचीचा भारद्वाज जगात या बेटाखेरीज कुठेच नाही. घाईत बघणारा त्याला नेहमीचा भारद्वाज समजून पुढे जाईल. पिशवीतलं पुस्तक त्याला थांबवतं, कारण तिथे हे दोघे शेजारी शेजारी रंगवलेले असतात आणि नजर आपोआप चोचीवर जाते.

अख्ख्या उपखंडाचं पक्षी-मार्गदर्शक घेऊन श्रीलंकेत जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्यात हजाराच्या वर पक्षी; एकट्या भारतातले धनेशच नऊ. बेटावर धनेश दोनच: श्रीलंकेचा राखी आणि मलबारी कवड्या. हे एकदा कळलं की पान उलटायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं. बेटाच्या पुस्तकाची खरी ताकद त्यातून काय गाळलंय यात असते. समोरचा पक्षी कोणता असूच शकत नाही, हे ते आधी सांगतं.

इतकं आटोपशीर पुस्तक व्हायला वेळ लागला. व्हिन्सेंट लेग हे ब्रिटिश तोफखान्यातले अधिकारी. सिलोनच्या पक्ष्यांवरचा त्यांचा ग्रंथ १८७८ ते १८८० दरम्यान भागाभागाने निघाला. पानं हजाराच्या वर, सोबत चित्रकार कॉयलेमान्स यांची देखणी चित्रं. तो टेबलावर ठेवून वाचायचा, रानात न्यायचा नाही. १९२५ मध्ये वेट यांची हस्तपुस्तिका आली. पण बेटावरच्या माणसांच्या हाती पक्षी खऱ्या अर्थाने दिले ते जॉर्ज मॉरिसन रीड हेन्री यांनी.

हेन्री यांचा जन्म सिलोनमधलाच, १८९१चा. कोलंबोच्या संग्रहालयात ते नोकरीला होते आणि तिथलं त्यांचं काम कीटकांचं. १९४६ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला गेले आणि १९५५ मध्ये ऑक्सफर्डने त्यांचं ‘अ गाइड टू द बर्ड्स ऑफ सिलोन’ छापलं. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. लिहिणारा आणि रंगवणारा एकच असला की पुस्तकात एक वेगळी खात्री येते. पक्षी फांदीवर कसा बसतो, शेपूट कशी धरतो, हे शब्दात एक आणि चित्रात दुसरंच, असं होत नाही. आपल्याकडे सालिम अलींच्या १९४१च्या पुस्तकाने जे केलं, तेच काम तिथे हेन्रींनी केलं.

ओळख पटते ती बारीक फरकातून. चष्मेवाला घ्या. आपल्याकडे दिसतो तो पिवळसर, तुकतुकीत. बेटाच्या सखल भागात हाच आहे. डोंगरावरच्या नुवारा एलियाच्या थंडीत झुडपांवर टोळीने फिरणारा मात्र दुसरा: अंगाने थोडा मोठा, रंगाने मळकट हिरवा, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं जास्त रुंद. अशा दोन पक्ष्यांची चित्रं एकाच आकारात, एकाच बाजूला तोंड केलेली हवीत. चित्रकाराने एकाला सुंदर वळण दिलं आणि दुसऱ्याला सरळ बसवलं, की तुलना संपली. मार्गदर्शकाच्या चित्रकाराला हा मोह आवरावा लागतो, आणि हे संयमाचं काम मला फार मोलाचं वाटतं.

पुस्तक छापलं तरी पक्ष्यांची यादी थांबत नाही. भातशेतावरून उडणारी, अंगाखालून सगळी तांबूस असलेली भिंगरी पूर्वी लाल कमरेच्या भिंगरीची उपजात मानत. पाहुणी म्हणून येणाऱ्या भिंगरीचं पोट फिकट आणि रेघांचं. २००५ मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांचं दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि अशा अनेक उपजातींना स्वतंत्र जातीचा मान मिळाला. केवळ बेटावरच सापडणाऱ्या जाती आज तीसच्या वर धरतात.

दरम्यान पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्यांपुरतंही राहिलं नाही. कोलंबो विद्यापीठातले सरथ कोटगम यांनी इंग्रजीबरोबर सिंहलीतही मार्गदर्शक तयार केलं. ज्याच्या परसात वळि कुकुळा, म्हणजे तिथला रानकोंबडा, चरायला येतो त्याला त्याच्या भाषेत पान मिळालं. राखीव वनांच्या फलकांपेक्षा याचा उपयोग जास्त, असं मला वाटतं.

आणि मग ते घुबड. १९९५ मध्ये पक्षी-अभ्यासक दीपाल वरकागोडा यांनी रात्री रानात एक मऊ, तुटक हाक ऐकली. बेटावरच्या पक्ष्यांचे आवाज त्यांना पाठ होते, हा त्यातला नव्हता. १९९८ मध्ये हेन्रींच्या पुस्तकाची तिसरी, सुधारलेली आवृत्ती निघाली. ती करणाऱ्यांत थिलो हॉफमन आणि उपाली एकनायक यांच्यासोबत वरकागोडाही होते. म्हणजे एकीकडे जुनी पानं दुरुस्त करायची आणि दुसरीकडे कुठल्याच पानावर नसलेल्या पक्ष्यामागे रात्री हिंडायचं, असं चाललं होतं. २००१च्या जानेवारीत सिंहराजात वरकागोडांना तो पक्षी दिसला: तांबूस, लहानसा, कानांवर तुरे नसलेला. २००४ मध्ये त्यांनी रासमुसेन यांच्यासह त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ओटस थिलोहॉफमनी. सिंहराज लाकूडतोडीतून वाचवण्यासाठी झगडलेल्या हॉफमन यांच्यासाठी याहून योग्य मान कोणता असता? शतकाहून जास्त काळानंतर बेटावर सापडलेली ही पक्ष्याची पहिलीच नवी जात.

हे घडू शकलं कारण यादी छोटी होती आणि कुणीतरी ती पूर्ण आत्मसात केली होती. वरकागोडा सहलेखक असलेलं श्रीलंकेच्या पक्ष्यांचं मार्गदर्शक २०१२ मध्ये निघालं. त्यात हे घुबड इतर पिंगळ्या-घुबडांच्या रांगेत आहे. सिंहराजाला जाणार असाल तर त्याच्या आवाजाची नोंद अंधार पडायच्या आत वाचून ठेवा. दिसण्याआधी ते ऐकूच येतं.