कळते, पण वळत का नाही?



कॉलेजातली मुलगी सुट्टीत घरी येऊन म्हणाली, "मी आरोग्य मानसशास्त्र शिकते," तर आजी विचारील, "म्हणजे डोक्याचा दवाखाना का गं?" तसे नाही. आपण म्हणतो ना, कळते पण वळत नाही? आरोग्याच्या बाबतीत असे का होते आणि ते वळावे कसे, हे त्या शास्त्रात शिकवतात.

त्यातला एक प्रयोग आपल्या उपयोगाचा आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या हॉवर्ड लेव्हेन्थाल व सहकाऱ्यांनी तो १९६५ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पत्रके वाचायला दिली. काहींत अंगावर काटा आणणारी चित्रे होती, काहींत साधी माहिती. जे जास्त घाबरले, ते "लस घेऊ" असे जास्त म्हणाले. प्रत्यक्ष लस घेण्यात मात्र भीतीने फरक पडला नाही.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. काहींना दवाखान्याचा नकाशा व वेळ दिली आणि आठवड्याची कामे पाहून कधी जायचे ते ठरवायला सांगितले. त्यांतले सुमारे २८ टक्के गेले. नुसते पत्रक वाचलेल्यांतले ३ टक्केच!

हे वाचून मला माझी चूक दिसली. फवारणीच्या सभांत मी वर्षानुवर्षे विषबाधेची भीती घालत आलो. माना डोलत, पण दुसऱ्या दिवशी फवारणी उघड्या हातांनीच! हातमोजे पंपालाच बांधून ठेवा, निघताना घरच्यांनी आठवण करावी, एवढे साधे मी कधी सांगितले नाही.

म्हणून आज भीती घालत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात, हे तुम्ही जाणताच. आज रात्री जेवताना एवढेच ठरवा: घरात कोणी लस कधी घेतली? दहा वर्षे उलटली असतील किंवा आठवतच नसेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायचे. कोण कोणाला नेणार, किती वाजता, तेही ठरवा. कॅलेंडरवर खूण करा.

मध्येच विळा, खिळा लागला, तर बाजाराची वाट पाहू नका. जखमेवर माती, शेण, राख लावू नका. साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि मुलगी सुट्टीत आली, की कॅलेंडर तिला जरूर दाखवा.