चोक्टॉंचे केंद्र आणि रक्ताची नोंदवही

जेते इतिहास लिहितात आणि जितांच्या वस्तू आपल्या संग्रहालयात काचेआड मांडतात. अमेरिकेतील मूलनिवासींच्या वाट्याला हेच आले. म्हणूनच चोक्टॉ राष्ट्राने जुलै २०२१ मध्ये ओक्लाहोमातील ड्युरंट येथे स्वतःचे सांस्कृतिक केंद्र उघडले, ही घटना आम्हाला मोलाची वाटते. एक लाख चौरस फुटांच्या या वास्तूत इतिहासाची दालने आहेत. बाहेर जुन्या धाटणीची वस्ती आणि स्टिकबॉल या पारंपरिक खेळाचे मैदान आहे. इथे सांगणारेही चोक्टॉच आहेत.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. चोक्टॉंची मूळ भूमी मिसिसिपी. १८३० साली अमेरिकेच्या संसदेने मूलनिवासींना हुसकावण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला चोक्टॉंकडून डान्सिंग रॅबिट क्रीकचा तह करून घेतला. एक कोटी एकरांहून अधिक जमीन गेली. कडाक्याची थंडी, उपासमार आणि कॉलरा यांनी वाटेतच हजारोंचा बळी घेतला. आम्ही वकील आहोत. कायद्याच्या भाषेत दरोडा कसा घातला जातो, हे आम्हाला या तहात स्वच्छ दिसते.

तरीही हा समाज माणुसकी विसरला नाही. १८४७ साली दुष्काळाने मरणाऱ्या आयरिश जनतेसाठी चोक्टॉंनी पदरचे पैसे पाठवले. आयर्लंडने ते उपकार स्मरून मिडल्टन गावी २०१७ साली त्यांच्या स्मारकाचे लोकार्पण केले. १९१८ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर चोक्टॉ सैनिक टेलिफोनवरून आपल्या भाषेत निरोप देत होते. शत्रूला ती भाषा उमगली नाही.

पण याच समाजातील धनिकांनी काळ्या माणसांना गुलाम म्हणून राबवले, हेही सत्य आहे. आयर्लंडला मदत गेली, त्या वर्षीही गुलामी चालू होती. १८६६ च्या तहाने ती संपली. १८८५ मध्ये मुक्त गुलामांना नागरिकत्व मिळाले. पुढे डॉज आयोगाने दोन याद्या केल्या : एक 'रक्ताने चोक्टॉ' असणाऱ्यांची, दुसरी मुक्त गुलामांची. १९८३ च्या घटनेने नागरिकत्व पहिल्या यादीला बांधले आणि दुसऱ्या यादीतील लोकांचे वंशज बाहेर पडले.

रक्तावरून माणसाची जागा ठरवणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको! जातिव्यवस्था रक्तशुद्धीसाठी आहे, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला होता.

चोक्टॉंच्या केंद्राचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र आपल्यावरील अन्यायाची नोंद ठेवणाऱ्याने आपल्या हातून घडलेल्या अन्यायाचीही नोंद ठेवली पाहिजे आणि ज्यांच्यावर तो झाला, त्यांना दार उघडले पाहिजे. हीच कसोटी आमच्या विहारांना, ग्रंथालयांना आणि संघटनांनाही लागू आहे. पोटजातीच्या नावाने आम्ही कोणाला उंबऱ्याबाहेर उभे केले आहे काय, याचे उत्तर आम्हालाच द्यायचे आहे.