पेसमेकर बसवला, पुढे काय?

पेसमेकर बसवला की हृदयाची काळजी मिटली, असा समज घरोघरी असतो. टाके सुकतात, चक्कर थांबते, माणूस पुन्हा जिने चढू लागतो. मग फाइल कपाटात जाते आणि तपासणी राहून जाते. वास्तविक खरी देखभाल तिथूनच सुरू होते. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना पूर्णपणे शरीरात बसणारा जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. तरीही लार्सन 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले आणि तेवढ्या काळात त्यांचे वीसहून अधिक पेसमेकर बदलून झाले. या आयुष्याचं श्रेय यंत्रांइतकंच चार दशकांच्या देखरेखीला आहे.

‘काही त्रास नाही, मग कशाला जायचं?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण साधारण 8 ते 12 वर्षं चालणारी बॅटरी संपत आल्याचं रुग्णाला बहुधा जाणवतच नाही. तपासणीत सुई नाही की काप नाही. गळपट्टीच्या हाडाखालच्या यंत्रावर प्रोग्रॅमर या तपासणी-यंत्राचा हेड ठेवतात आणि पडद्यावर आकडे उमटतात. यंत्रापासून हृदयापर्यंत गेलेल्या तारेचा विद्युतरोध एकाएकी वाढला तर तार तुटल्याची, घटला तर तिचं आवरण फाटल्याची शंका येते. मग व्होल्टेज हळूहळू उतरवून हृदय कुठवर साथ देतं ते पाहतात. समजा 0.75 व्होल्टपर्यंत साथ मिळाली, तर सहसा दुप्पट म्हणजे 1.5 व्होल्ट पुरतात. सुरक्षितताही राहते, बॅटरीही वाचते. नकळत येऊन गेलेलं एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) यंत्राच्या नोंदीत सापडलं, तर पक्षाघात टाळण्यासाठी औषधाचा विचार वेळीच होतो. साध्या ईसीजीत फक्त त्या क्षणाचे ठोके कळतात.

आधुनिक पेसमेकर स्वतःच रोज तपासणी करतात, हे खरं. मात्र ती नोंद कुणीतरी वाचायला हवी. घरून माहिती पाठवणारी सोय असेल तर फेऱ्या कमी होतात. नसेल तर डॉक्टर सांगतील तसं 3 ते 12 महिन्यांनी आणि बॅटरी उतरत आली की त्याहून लवकर जावंच लागतं. मुलांकडे नागपूरच्या बेसा-मनीषनगरला राहायला आलेल्या आईवडिलांची शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी झालेली असली, तरी पुढच्या तपासणीसाठी शासकीय मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किंवा मिहानमधल्या एम्सच्या हृदयरोग विभागात विचारता येतं. एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचत नाही. म्हणून जाण्याआधी पेसमेकरच्या ओळख-कार्डावरची कंपनी आणि मॉडेल कळवा, कार्ड कायम जवळ ठेवा आणि पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.