साठी ओलांडली तरी पंखे फिरतायत!

सोव्हिएत काळातली बहुतेक प्रवासी विमानं केव्हाच संग्रहालयात जाऊन बसली. अँटोनोव्ह एएन-२४ मात्र सायबेरियाच्या आकाशात अजून घरघरतंय. या चिवट विमानाच्या काही गमतीजमती.

सरकारी फर्मान, ग्लायडरवाला बाप
कमी पल्ल्याच्या मार्गांवरची पिस्टन इंजिनांची इल्युशिन-१४ विमानं म्हातारी झाली होती. त्यांच्या जागी टर्बोप्रॉप विमान बनवा, असा हुकूम १९५७च्या अखेरीस सुटला. काम आलं कीवमधल्या ओलेग अँटोनोव्ह यांच्याकडे. या गृहस्थांनी उमेदवारीची वर्षं ग्लायडर बनवण्यात घालवलेली! ऑक्टोबर १९५९मध्ये पहिलं उड्डाण झालं, १९६२मध्ये एरोफ्लोटची सेवा सुरू झाली आणि १९७९पर्यंत हजारांहून जास्त विमानं तयार झाली.

पंख डोक्यावर
जिथे उतरायचं तिथे डांबरी धावपट्टी असेलच याची खात्री नव्हती. खडी, माती, गोठलेला बर्फ, काहीही चालायला हवं. म्हणून पंख वर आणि इंजिनं पंखाला, म्हणजे उडणारे दगड पंख्यांपासून लांब. खिडकीतल्या प्रवाशाला त्यामुळे एक खेळ फुकटात बघायला मिळतो: उतरण्याआधी इंजिनाच्या पोटातून चाकं खाली येतात आणि जमिनीला टेकताच धुरळा उडतो.

उजवीकडे लपलेलं जेट
एएन-२४ आरव्ही हा प्रकार मागून नीट बघा. उजव्या इंजिनाच्या शेपटाला एक नळकांडं दिसेल, डावीकडे ते नाही. तिथे छोटं जेट इंजिन दडलंय. आडगावच्या विमानतळावर मुख्य इंजिनं सुरू करायला यंत्रसामग्री नसली तरी हे आहे, आणि उड्डाण करताना जादा रेटाही देतं.

सामान पुढे, माणसं मागे
प्रवासी शेपटाकडच्या दारातून चढतात, सामानाची खोली वैमानिकांच्या मागे. एटीआरमधून प्रवास केलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

काचेच्या नाकाचा भाऊ
नकाशे काढण्यासाठी याच घराण्यात एएन-३० जन्मलं. नाक काचेचं आणि पोटात कॅमेरे. पुढे ‘ओपन स्काइज’ करारानुसार रशिया, युक्रेन आणि इतर काही देशांनी एकमेकांच्या प्रदेशावर रीतसर परवानगीने टेहळणी केली, तेव्हा हेच विमान कामी आलं.

आपल्या ओळखीचं भावंड
भारतीय वायुदलाचं एएन-३२ याच कुळातलं. उष्ण हवा आणि उंच डोंगर, दोन्हीकडे हवा विरळ, म्हणून मूळ विमानाच्या जवळजवळ दुप्पट ताकदीची इंजिनं बसवली. पंखे मोठे झाले, ते जमिनीला घासू नयेत म्हणून इंजिनं थेट पंखाच्या वर चढवली. मे २००८मध्ये लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या, सुमारे १६,६०० फुटांवरच्या कच्च्या धावपट्टीवर ४३ वर्षांनंतर विमान उतरलं, ते एएन-३२. आणि २६ जानेवारी २०२०ला राजपथावर जैवइंधन मिसळून उडालं, तेही हेच!

चिनी शाखा
चीनमध्ये शिआनच्या कारखान्याने एएन-२४चं वाय-७ केलं, त्यातून एमए-६० निघालं. ते नेपाळनेही घेतलं, पण परवडेना. २०२०मध्ये तिथे ते जमिनीवर आलं.

वारसदार आले नि रखडले
एएन-२४ला निवृत्त करायला इल्युशिन-११४ आलं. पहिलं उड्डाण १९९०मध्ये, आणि पाठोपाठ सोव्हिएत संघच संपला! मोजकीच विमानं बनली. सुधारित आवृत्ती उडायला डिसेंबर २०२० उजाडलं. युक्रेनचं एएन-१४० आलं, रशिया आणि इराणमध्येही बनलं, पण तेही बारगळलं. त्यामुळे म्हाताऱ्यावरच भार. त्याची किंमतही मोजावी लागते: २४ जुलै २०२५ला रशियाच्या आमूर प्रांतात टिंडाजवळ एएन-२४ कोसळून विमानातले सर्व ४८ जण मरण पावले. ते विमान १९७६ सालचं होतं. तरीही रशियाच्या दूरपूर्वेत ही विमानं झटपट मोडीत काढता येत नाहीत. तिथल्या अनेक गावांपुढे ‘जुनं विमान की नवं’ असा प्रश्नच नाही. जुनं विमान, नाहीतर काहीच नाही.